आमच्या घरासमोर मंदावणारी गाडी

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. चौथीनंतर हातात पेन्सिल आली ती वाण्याची यादी करण्यापुरती. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, ओळी तिरप्या गेल्या असतील, तर माफ करावं. माफी कोणाची मागते तेही मला नीट माहीत नाही, कारण ही वही मी कोणाला दाखवणार नाही. घरात आम्ही अहिराणी बोलतो, पण लिहायला बसलं की शाळेतलीच भाषा हाताला येते.

लिहायचं आहे ते आमच्या रस्त्याबद्दल. धुळ्यात गावाच्या मधून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर आमची भाड्याची खोली होती. पुढे दगडी ओटा, ओट्याखाली लगेच रस्ता. मी भडगावची. आमच्या घरामागे गिरणा, तिकडे रात्री पाण्याचा आवाज असायचा. इथे आले तर दिवसभर भोंगे, टांग्यांच्या घंट्या आणि माणसांची आरडाओरड. पहिलं वर्षभर माझं डोकं दुखायचं. मग सवय झाली.

माझे मालक एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. तेव्हा ते कच्चे होते. म्हणजे गाडी रोज चालवायची, पण नोकरीत कायम केलेलं नाही. कायम होण्याआधी हातून एक अपघात झाला की माणूस घरी, असं डेपोत सगळे म्हणत. ह्यांच्या बरोबर लागलेला एक जण असाच घरी गेला होता. त्याला मी पुढे मार्केट यार्डात पोती उचलताना पाहिलं. त्याने मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. त्या दिवसापासून कायम हा शब्द माझ्या डोक्यात बसला. खोलीचं भाडं, मुलीची शाळा, सगळं त्याच्यावर होतं.

ह्यांची पहाटेची फेरी दुपारी स्टँडवर संपायची आणि लगेच पिंपळनेरची गाडी काढायची. घरी जेवायला यायला वेळ नसायचा. पण ती पिंपळनेरची गाडी आमच्याच रस्त्याने गावाबाहेर पडायची, आणि आमच्या रस्त्यावर गाडी चालत नसे, सरकत असे. दोन्ही बाजूंना केळीच्या, भाजीच्या, कापडाच्या लोटगाड्या. त्यांच्या पुढे सायकली. त्यांच्या पुढे टांगे. कापसाच्या दिवसांत बैलगाड्यांची रांग. बस त्यातून अशी यायची, जशी बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन बाजारातून येते.

त्यामुळे डबा द्यायला गाडी थांबवावी लागत नसे. ड्रायव्हरची खिडकी उजवीकडे, आमचं घरही उजवीकडे. मी लोटगाड्यांमधून वाट काढत रस्त्याच्या मध्यापर्यंत जायची, गाडीबरोबर चार पावलं चालायची आणि हात वर करून डबा खिडकीत द्यायची. त्यात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, ठेचा, कधी भरीत. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला असायचा, त्यामुळे मला फक्त त्यांचा हात दिसायचा.

आमच्या ओट्याला टेकून एक म्हातारी भाजी विकायची. सगळे तिला अक्का म्हणत. गाडी लांबून दिसली की ती मला हाक मारायची, "ऊनी वं तुन्ही गाडी. भाकर बांधी का?" तिचं बोलणं मी तसंच लिहिते, ते दुसऱ्या भाषेत बसत नाही. गाडीतले लोकही बोलायचे. एक जण रोजचा होता, तो म्हणायचा, "वहिनी, ड्रायव्हरला भाकरी आणि आम्ही काय तिकीट फुकट काढलं?" मी लाजून जमिनीत जायची. पण खरं सांगायचं तर दिवसभरात मला तेवढंच आवडायचं.

रस्ता वाईट होता हे मी नाकारत नाही. एकदा कळा लागलेल्या एका बाईची रिक्षा आमच्या दारासमोर अडकली. पुढे बैलगाडीचं चाक निखळलेलं, मागे बस, बाजूला केळीच्या गाड्या. ती बाई ओरडत होती आणि रिक्षावाला भोंगा दाबत होता. शेवटी अक्काने स्वतःची टोपली उचलून आमच्या ओट्यावर फेकली आणि केळीवाल्यांना शिव्या देत गाड्या मागे घ्यायला लावल्या. ती रिक्षा गेली. पुढे काय झालं कळलं नाही. रात्री मला झोप आली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी टेप घेऊन माणसं आली. त्यांनी आमच्या ओट्यावर चुन्याची रेघ मारली. रेघ ओट्याच्या मधोमध नव्हती, पार भिंतीजवळ होती. अक्का रेघेकडे बघत बसली.

"हाई काय शे वं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, रस्ता मोठा करणार आहेत. गाड्या वेळेवर जातील.

"मंग मी कोठे जाऊ?" ती म्हणाली. मग स्वतःच हसली, "माले कोठे वेळवर जानं शे."

ओटा तुटला. लोटगाड्या मागच्या मैदानात नेल्या, अक्काही तिकडे गेली. टांग्यांना मागची गल्ली दिली. रस्त्याच्या मध्ये गुडघ्याएवढा सिमेंटचा कठडा बांधला, जाणाऱ्या गाड्या एका बाजूने आणि येणाऱ्या दुसऱ्या. सगळं काम पावसाळ्याआधी उरकलं. आणि खरंच, बस वेळेवर जायला लागली. साक्रीकडचे लोक म्हणायचे की आता उजेडात घरी पोचतो. हेही संध्याकाळी लवकर यायला लागले. मी म्हटलं, चांगलं झालं.

पण आमच्या दारात एक शांतता आली ती मला कधी बरी वाटली नाही. माणसांचा आवाज गेला. दोन गाड्यांच्या मध्ये रस्ता अगदी गप्प असायचा, आणि मग एकदम काहीतरी जोरात येऊन जायचं. भांड्यांच्या फळीवरचे पेले थरथरायचे. पहिल्याच आठवड्यात गल्लीतलं काळं कुत्रं मेलं. ते वर्षानुवर्षं त्याच रस्त्यावर झोपत आलं होतं. सकाळी ते नेहमीच्या जागी निजलेलं दिसलं, पण सपाट.

डबा द्यायला मी आता अर्धा रस्ता ओलांडून कठड्यावर उभी राहायची. माझ्या पाठीमागून स्टँडकडे येणाऱ्या गाड्या जायच्या आणि पदर ओढला जायचा. समोरून ह्यांची गाडी यायची. ती पहिल्यासारखी सरकत येत नव्हती, धावत येत होती. हे ब्रेक मारायचे, मी डबा द्यायची, मागचे भोंगे वाजवायचे. तिसऱ्या का चौथ्या दिवशी एका ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढून ह्यांना आईवरून शिवी दिली.

रात्री हे म्हणाले, "उद्यापासून रस्त्यावर येऊ नको. मी सकाळीच डबा घेऊन जाईन."

"भाकरी गार होईल," मी म्हटलं.

"होऊ दे. नोकरीपेक्षा भाकरी मोठी नाही."

मी जायचं बंद केलं. दुपारी त्या वेळेला मी दाराच्या आत बसून गहू निवडायची. आणि तेव्हा ते माझ्या लक्षात आलं. ह्यांच्या गाडीचा आवाज मी शंभरात ओळखते. गाडी लांबून जोरात यायची, आमच्या घरासमोर आली की गिअर बदलल्याचा आवाज व्हायचा, गाडी मंदावायची, जवळजवळ थांबायची, आणि मग पुन्हा उचल घ्यायची. मी दारात नव्हते. कठड्यावर कोणी नव्हतं. पुढे रस्ता मोकळा होता. तरी गाडी मंदावायची.

मी वाट पाहिली. म्हटलं, चार दिवसांत सवय जाईल. गेली नाही. मागून कचकन ब्रेक लागल्याचे आवाज यायचे आणि माझ्या हातातले गहू सुपात पडायचे. मला वाटलं मी दारात दिसते म्हणून असेल. मग मी दार लावून मागच्या मोरीपाशी बसायला लागले. तिथूनही ऐकू यायचं.

ह्यांना सांगायचं म्हणजे माझ्यासारखीला कठीण. मी त्यांच्या कामाबद्दल कधी एक शब्द बोलले नव्हते. शेवटी एका रात्री ताट वाढताना म्हटलं, "तुम्ही घरासमोर गाडी हळू करता."

"कोण म्हणतं?"

"मी ऐकते."

"तू घरात बसून गाडी चालवतेस का?" हे हसले. मग माझं तोंड बघून म्हणाले, "बरं, उद्या लक्ष देतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोरीपाशी बसले. गाडी आली. गिअर बदलला. मंदावली. मागे कोणीतरी लांब भोंगा दाबून धरला. संध्याकाळी हे आत आले ते चप्पल काढता काढताच म्हणाले, "बघितलंस? गेलो ना सरळ?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ठाऊकच नव्हतं.

ह्यांच्या गाडीवरचा कंडक्टर शिरपूरकडचा, हसरा माणूस. मला वहिनी म्हणायचा. कधी ह्यांचा निरोप घेऊन घरी यायचा. एकदा आला तेव्हा मी दाराआडून त्याला विचारलं. तो हसायचा थांबला.

"वहिनी, सगळ्या गाडीला माहीत आहे. लोक म्हणतात, ड्रायव्हरचं पोट वाजतं इथं. मी एकदा बोललो तर माझ्यावरच चिडला."

मी म्हटलं, "भाऊ, काहीतरी करा. ते कच्चे आहेत."

तो म्हणाला, "करतो."

बसमध्ये छताला दोरी असते, ती ओढली की ड्रायव्हरपाशी घंटी वाजते. एक ठोका म्हणजे थांबा, दोन ठोके म्हणजे चला. दुसऱ्या दिवसापासून आमचं घर यायच्या थोडं आधी तो दोन ठोके द्यायचा. मला घरात ऐकू यायचं. टण टण. आणि गाडी न मंदावता निघून जायची. ह्यांना वाटायचं कोणी मागे लोंबकळत असेल, तो आत आला असेल म्हणून कंडक्टर घंटी देतो. हे विचारायचे नाहीत आणि तो सांगायचा नाही. सगळा हिवाळा असा गेला. कायम करायच्या यादीत ह्यांचं नाव असल्याचं डेपोत कोणी बोललं. मी देवापाशी नारळ ठेवला, फोडला नाही.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. सासुरवाशिणी माहेरी जातात, झाडांना झोके बांधतात. गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. सणाच्या दोन दिवस आधी कंडक्टर दारात आला.

"वहिनी, मी रजेवर चाललो. बहिणी येणार आहेत."

"मग घंटी?"

"माझ्या जागी येतो त्याला सांगून ठेवतो. तुम्ही बिनघोर राहा. माहेरी जा तुम्ही पण."

मी माहेरी गेले नाही. भावाला निरोप पाठवला की मुलीला ताप आहे. तिला ताप नव्हता.

दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. स्वयंपाक अर्धा टाकून मी मागच्या गल्लीने स्टँडवर गेले. पिंपळनेरची गाडी लागलेली होती. नव्या लुगड्यातल्या मुली, हातात कोपरापर्यंत बांगड्या, टोपल्या, पिशव्या, रडणारी पोरं. नवा कंडक्टर आत गर्दीत दाबला गेला होता, त्याचा फक्त तिकीट फाडणारा हात दिसत होता. मी खिडकीखाली उभी राहिले. "मास्तर," म्हटलं. माझाच आवाज मला ऐकू आला नाही. पुन्हा म्हटलं. एक मुलगी खिडकीतून म्हणाली, "मावशी, जागा नाही हो, मागच्या गाडीने या." मग हे येऊन आपल्या जागेवर चढले. त्यांच्या देखत मी काय सांगणार होते? मी पदर ओढून घेतला आणि गल्लीने धावत घरी आले.

दारात पोचले तेव्हा गाडी लांबून येताना दिसली. मी आत जाऊन मोरीपाशी बसले. कान देऊन बसले. घंटी वाजली नाही. गिअर बदलला.

तो आवाज मी लिहू शकत नाही. लोखंडाचा होता, आणि त्याच्यानंतर थोडा वेळ काहीच नव्हतं.

बाहेर आले तेव्हा कांद्याचा एक ट्रक गाडीच्या मागच्या बाजूला घुसला होता. पोती फुटून कांदे रस्ताभर पळत होते. लोक गोळा झाले, काही कांदे वेचायला लागले. मागच्या गाड्या अडकल्या, सायकली, रिक्षा, सगळं पुन्हा तुंबलं. रस्ता अगदी पहिल्यासारखा दिसत होता. मागच्या सीटवरची एक मुलगी खाली उतरवली, तिचा हात मनगटातून वेगळ्याच दिशेला लोंबत होता आणि तिच्या सगळ्या बांगड्या फुटल्या होत्या. ती रडत नव्हती. "माझी पिशवी," एवढंच म्हणत होती. तिला इस्पितळात नेलं. जीव कोणाचा गेला नाही.

हे अजून आपल्या जागेवर बसले होते, स्टेअरिंग धरून. तोंड उजवीकडे कठड्याकडे वळलेलं. मी तिकडे गेले तर मला म्हणाले, "मी थांबलो नाही गं. गाडी कशी थांबली?"

चौकशी झाली. ट्रकवाला म्हणाला, रस्ता मोकळा होता आणि बस एकदम हळू झाली. गाडीतल्या लोकांनीही तेच सांगितलं. खोटं काही नव्हतं त्यात. यादीतून ह्यांचं नाव निघालं. घरी पाठवतील असंच आम्ही धरून चाललो होतो, पण जुनं काम चांगलं म्हणून ठेवलं. गाडी काढून घेतली आणि ह्यांना डेपोत गाड्या धुण्याच्या कामाला लावलं. गाडीचं जे नुकसान झालं त्यातला ह्यांचा वाटा पगारातून महिन्याच्या महिन्याला कापणार, आणि तो पूर्ण फिटेपर्यंत पुन्हा काही झालं नाही तर कायम करायचं बघू, असं साहेब म्हणाले. काही झालं तर तिथेच संपलं.

ते दिवस कसे काढले ते लिहीत नाही. अक्का मागच्या मैदानातून संध्याकाळी उरलेली भाजी आणून दारात ठेवायची. "सडी जाई नही तं," म्हणायची. पैसे दिले तर रागवायची.

पुढच्या थंडीत ह्यांना परत गाडी मिळाली. कोणती, तर तीच, दुपारची पिंपळनेर. माणसं कमी होती. हे खूश होते. शिरपूरकडचा कंडक्टर तोवर बदलून दुसऱ्या डेपोला गेला होता.

पहिल्या दिवशी मी मुलीला शेजारी ठेवलं, साठवणीच्या डब्यातले पैसे घेतले आणि स्टँडवर जाऊन गाडीत बसले. ह्यांनी आरशात पाहिलं असेल. गावाबाहेरच्या नाक्यापर्यंतचं तिकीट काढलं, सगळ्यात कमीचं. जागा असून मी दोरीखाली उभी राहिले. कंडक्टर जाडजूड, तापट दिसणारा. म्हणाला, "बसा ना बाई, सीट चावते का?"

आतून मी ते पहिल्यांदा पाहिलं. आमचं घर आलं. ओट्याशिवाय ते उघडं दिसत होतं. ह्यांची मान उजवीकडे वळली, अगदी थोडी, कोणी हाक मारल्यावर वळते तशी. कठड्यावर कोणी नव्हतं. खांदा खाली गेला. मी हात वर केला आणि दोरी दोनदा ओढली.

टण टण.

सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. मान सरळ झाली. गाडी पुढे गेली. मागचा ट्रक भोंगा न वाजवता बाजूने निघून गेला.

"ओ बाई," कंडक्टर गर्दीतून माझ्यापर्यंत आला, "दोरी काय पाळण्याची आहे? कोणी सांगितलं हात लावायला?"

नाक्यावर उतरले आणि चालत घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तो पुन्हा ओरडला. तिसऱ्या दिवशी त्याने मला दोरीखालून हटवून दाराशी उभं केलं, तरी मी हात लांब करून ओढली. एक म्हातारे बाबा म्हणाले, "मास्तर, राहू द्या. नवस असंल काही तिचा." लोक हसले.

असं बरेच दिवस चाललं. मग एके दिवशी मी चढले तर कंडक्टरने तिकीट फाडलं नाही. हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, मला डेपोत कळलं. उतरा तुम्ही. तिकिटाचे पैसे वाचवा. आजपासून दोरी मी ओढतो."

"विसरणार नाही ना?"

"तुमचं तोंड आठवेल मला तिथं," तो म्हणाला.

तो विसरला नाही. तरी दुपार झाली की मी हातातलं काम ठेवून मोरीपाशी जाऊन बसायची. सणवार आले, उन्हाळा आला, पगार कापून येत राहिला. भाकरीबरोबर नुसता ठेचा असे. घंटीचे दोन ठोके ऐकू आले की मी उठायची. ह्यांनी मला एकदाही विचारलं नाही की तू गाडीत का यायचीस. फक्त कधी रात्री झोपेत त्यांचा उजवा पाय दाबल्यासारखा हलायचा. मी तो हाताने धरून ठेवायची.

कपात संपायला पुढची आखाजी उलटून गेली. त्या दिवशी दुपारी मी बसले होते. दोन ठोके आले. गाडी इतकी वेगात गेली की हेच होते का दुसरं कोणी, ते मला कळलं नाही.

संध्याकाळी हे आले. पाय धुतले आणि पगार माझ्या हातात दिला. अख्खा होता. मी तो देवापुढे ठेवला, मागच्या वर्षीच्या नारळापाशी. बाहेरून एक ट्रक गेला आणि देवाजवळची छोटी घंटी जागच्या जागी हलली, वाजली नाही. आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.

"कायमचं?" मी विचारलं.

"कागद महिनाभरात येईल म्हणतात." मग म्हणाले, "पैसे मात्र फिटले सगळे. एक पैसा राहिला नाही."